सहा तारांची मोटर

"माह्या हातून गेलेली मोटर वापस येत नाई!"

हे वाक्य ताराचंद थूल दिवसातून निदान तीनदा म्हणायचा. म्हणताना समोरच्या माणसाकडे बघायचा नाही. त्याच्या डोक्यावरून पार पलीकडे, आंजीच्या बसस्टॉपकडे बघायचा, जणू तिथे सगळा वर्धा तालुका कान टवकारून उभा आहे!

त्या रविवारी दुकानाच्या बाकावर पुंडलिकराव बसला होता. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून बाजारात नेणारा माणूस. विहिरीवरची मोटर दाखवायला आला होता.

"माही तीनदा वापस आली," तो शांतपणे म्हणाला.

"तो मोटरचा दोष नोहोय, पुंडलिकराव. तुमच्या विहिरीचं पाणीच तसं हाय."

"कसं हाय?"

"मोटरखाऊ!"

तीस वर्षं ताराचंद जळलेल्या मोटरींची वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार, नव्याने भरत होता. विहिरीतल्या, गिरणीतल्या, लग्नाच्या मांडवातल्या कूलरच्या, कोणतीही आणा. कान लावला की सांगायचा, हिला काय झालंय. पण त्याच्याच घरात दोन मोटरी अशा होत्या की ज्यांना हात लावायची त्याला बंदी होती. दोन्ही अंगठ्याएवढ्या. आणि बंदी घालणारी त्याची लेक, रोशनी.

रोशनी वर्ध्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने एक गाडी बनवली होती. ताटाएवढी पाटी, मागे दोन चाकं, पुढे तिसऱ्या चाकाच्या जागी एक गोटी, आणि वर तुरीच्या दाण्यांनी भरलेलं नरसाळं. गाडीने आपली आपण सरळ चालायचं, दर फुटाला एक दाणा टाकायचा आणि दहा फुटांवर थांबायचं. एवढंच तिचं काम. पण गाडी सरळ चालतच नव्हती! दहा फुटांत दीड फूट डावीकडे सरकायची.

"ह्यानं माही तूर शेजाऱ्याच्या वावरात टोबली असती!" असं पुंडलिकराव पहिल्यांदा पाहून म्हणाला होता.

कारण साधं होतं. दोन मोटरी एका कंपनीच्या असल्या तरी एक जरा चपळ असते, एक जरा आळशी. म्हणून रोशनीने पुण्याहून कुरिअरने नव्या मोटरी मागवल्या. त्यांच्या पाठीवर काळी चकती होती, तिला म्हणायचं एन्कोडर. चाक किती फिरलं ते ही चकती मोजणार, आणि गाडी त्या आकड्यांवरून दोन्ही चाकं बरोबरीने चालवणार. मोटर एवढीशी, पण तारा सहा!

"दोन तारांत काम होते, तं सहा कायले वं?" ताराचंदने शनिवारीच विचारलं होतं.

"दोन मोटरच्या. चार मोजाच्या."

"पण मोजते कसं ते?"

"जाऊ द्या ना बाबा. सांगाले वेळ लागते."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. कामात होती, खरंच घाई होती. पण ते वाक्य ताराचंदच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. हीच पोरगी सात-आठ वर्षांची असताना दुकानात उपड्या बादलीवर बसून डोकं खायची. मोटर घूं घूं काऊन करते? तांबंच काऊन लावते, लोखंड काऊन नाई? ताराचंद सगळ्याची उत्तरं द्यायचा. जी माहीत नव्हती ती जागच्या जागी तयार करून द्यायचा! ती खरी धरून पोरगी शाळेत सांगायची आणि बाईंचं बोलणं खाऊन यायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बादलीवर हजर.

गेल्या दोन वर्षांत तिने त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीचं जे होतं, ते ताराचंदला आपलं झाल्यासारखं वाटायचं. टपरी तीच, चहा तोच, पण गाड्या दुसरीकडूनच जातात.

रविवारी सकाळी रोशनी बॅटरी आणि दोन स्क्रू आणायला वर्ध्याला निघाली. डावी मोटर तिने बसवली होती, उजवी बाकी होती. सोमवारी दहा वाजता कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार होते. वर्षभराच्या कामाचे मार्क त्या दहा फुटांवर होते.

"बाबा, गाडीले हात नोका लावजा!" चप्पल घालता घालता ती म्हणाली.

"मी कायले लावतो? माही कामं का कमी हायेत?"

एसटी फाट्यावरून वळेपर्यंत ताराचंदने धीर धरला. तेवढाच!

"पुंडलिकराव," तो म्हणाला, "दोन स्क्रूसाठी पोट्टी वर्ध्याले गेली. माह्या डब्यात दोन हजार स्क्रू असतीन. तिनं इचारलं बी नाई."

"मंग तू काय करतं आता?"

"ते येईस्तोवर उजवी मोटर बसवून ठेवतो. पाहतच राहीन!"

डब्यात स्क्रू सापडले. मोटर बसली. सहा तारांचं ताराचंदने काय करावं? डावीकडे जी तार जिथे, उजवीकडे ती तार तिथे. लाल तिथे लाल, पांढरी तिथे पांढरी. एक चूक नाही! मग गाडी हातात उचलून धरली, जुनी बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. डावं चाक पुढे फिरलं. उजवं मागे.

ताराचंद हसला. मिशीतल्या मिशीत, तीस वर्षांचं हसला. "पाहा पुंडलिकराव! उजवी मोटर उलट्या तोंडानं बसते. म्हणून चाक उलटं फिरते. एवढं साधं हाय. डिप्लोमा अन् फिप्लोमा!"

मोटर उलटी फिरते तर काय करायचं हे वायंडिंगवाल्याला झोपेतही विचारा. दोन तारांची अदलाबदल! त्याने लाल आणि पांढरी बदलली, बटण दाबून क्षणभर पाहिलं. दोन्ही चाकं पुढे. लगेच बंद केलं. झालं काम!

"उज्वला! बाहीर ये वं! पाह्य पोरीची गाडी!"

त्याची बायको उज्वला दुकानामागे घराच्या अंगणात पांढऱ्या चादरीवर कुरडया वाळत घालत होती. पिठाच्या हातानेच दारात आली. अंगणवाडीत पंधरा वर्षं काढलेली बाई. कोणी हाक मारली की आधी काय सांडलं ते बघायची.

ताराचंदने गाडी दुकानाच्या फरशीवर ठेवली आणि बटण दाबलं.

गाडीने आधी जरा विचार केल्यासारखं केलं. मग उजवं चाक असं किंचाळलं की बाकाखालचं मांजर थेट शटरवर चढलं! गाडी डावीकडे गरकन वळली, वळली ती वळतच राहिली. तुरीचे दाणे फटाक्यांसारखे उडायला लागले. पहिल्या फेरीत तिने वार्निशचा डबा लवंडला. दुसऱ्या फेरीत चाकं त्यात बुडवून घेतली. तिसऱ्या फेरीत ती पुंडलिकरावाच्या धोतराकडे निघाली.

"ताराचंद! हे माह्याच मांगं काऊन लागली?" पुंडलिकराव दोन्ही पाय घेऊन बाकावर उभा!

"टेस्टिंग हाय! घाबरू नोका!"

"मी घाबरून नाई राह्यलो! मी वर उभा हाय फक्त!"

"दहा फुटावर थांबते ते!"

पण दहा फूट येईनात! वीस झाले, चाळीस झाले. गाडी बाकाच्या पायाला धडकली, दिशा बदलली आणि उज्वलाच्या पायांमधून सुसाट मागच्या अंगणात. पांढऱ्या चादरीवर तिने तपकिरी वार्निशची एक सुरेख गोल रांगोळी काढली. मग तिच्या आत दुसरी. कुरडयांचा चुरा चारी दिशांना.

"अवो, हे काय करून राह्यले तुमी?"

"टेस्टिंग!"

"माह्या कुरडयाइवर?"

बंद करायचं बटण पाटीवर होतं, पण पाटी हातात सापडेल तर ना! शेवटी ताराचंदने कोंबडीवर टाकतात तसं टोपलं टाकलं. नेम बरोबर बसला. पण टोपलंच पळायला लागलं! अंगणभर टोपलं गोल गोल फिरतंय, त्याच्या मागे ताराचंद, ताराचंदच्या मागे झाडू घेतलेली उज्वला, आणि बाकावरून पुंडलिकराव विचारतोय, "त्यात कोंबडी हाय का बाप्पा?"

शेवटी टोपलं धुण्याच्या दगडाला जाऊन अडकलं आणि थांबलं. सगळ्यांनी श्वास सोडला. आतून फक्त बारीक घूं घूं येत होतं.

आणि मग तो वास आला.

त्या वासाची ओळख ताराचंदला सांगावी लागत नव्हती. जळलेल्या वायंडिंगचा वास. त्याच वासावर त्याने हे घर बांधलं होतं, पोरीला शिकवत होता. लोक तो वास घेऊन तोंड पाडून दुकानात यायचे आणि तो त्यांना म्हणायचा, "टेन्शन नोका घेऊ." आज पहिल्यांदा तो वास त्याच्याच घरात होता, आणि टेन्शन घेऊ नका असं म्हणायला कोणी नव्हतं. त्याने टोपलं उचललं, बॅटरीची तार उपटली आणि तिथेच दगडावर बसला.

पुंडलिकराव बाकावरून उतरला, चपला घातल्या, काहीच न बोलता निघून गेला. असं तो आयुष्यात पहिल्यांदाच करत असावा.

दोन वाजता रोशनी आली. तोवर ताराचंदने मनात चार कारणं तयार केली होती. गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगायचा ते सगळ्यात आधी तोंडात आलं.

"लाइन कमी-जास्त झाली वाटते…"

"बॅटरीवर चालते बाबा ते."

"हो. बॅटरीवर चालते." तो थांबला. "म्याच जाळली, बेटा. उजवी बसवाले गेलतो."

रोशनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. गाडीजवळ उकिडवी बसली, उजवी मोटर नाकाशी नेऊन खाली ठेवली. मग तारा पाहिल्या.

"कोणत्या बदलल्या?"

"लाल अन् पांढरी. चाक उलटं फिरत होतं."

"अन् मोजाच्या?"

"त्या काऊन बदलीन? त्या तं मोटरच्या नाई ना."

रोशनीने डोळे मिटले. ताराचंदला वाटलं आता म्हणेल, जाऊ द्या बाबा, सांगाले वेळ लागते. पण ती खाली फतकल मारून बसली आणि सांगायला लागली. सावकाश, चाक हाताने फिरवून दाखवत.

"दोनच तारा बदलल्या तं चाक पुढं जाते, पण मोजणारी चकती म्हणते, मांगं चाललं. गाडीले तं डोळे नाई. चकती सांगते तेच तिले खरं. तिले वाटते, मी मांगं पडून राह्यली. म्हणून ते आणखी जोर लावते. जेवढा जोर लावते तेवढं चकती म्हणते, आणखी मांगं गेली. मंग सारा जीव लावून पळते. दहा फूट येतच नाई तिचे."

"अन् खरं म्हणजे ते पुढंच असते."

"हो."

ताराचंदने चष्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. टोपल्याखाली जीव तोडून पळणाऱ्या त्या गाडीची त्याला एकदम दया आली. इतकी की डोळे चुरचुरायला लागले. वार्निशने असेल.

"उद्या दहा वाजता हाय बाबा," रोशनीचा आवाज आता मात्र कापला. "अशी मोटर वर्ध्यात भेटत नाई. मी साऱ्या दुकानाइत इचारलं होतं मांगं."

एरवी ताराचंद बसस्टॉपकडे बघून काहीतरी मोठं बोलला असता. आज तो मोटरीकडे बघत होता.

"उघडून पाहतो," एवढंच तो म्हणाला. "जमन का नाई, पाहून सांगतो."

दारात उजेड होता तिथे त्याने पाट मांडला. एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. टोचणीने मोटरीच्या टोपणाचे दुमडलेले दोन कान सरळ केले आणि आतला फिरता गाभा बाहेर काढला. शेंगदाण्याएवढा! त्याला तीन पाकळ्या, प्रत्येकीवर केसासारख्या तारेचे वेढे. दोन पाकळ्या चांगल्या होत्या. तिसरीची तार काळी ठिक्कर. ती उलगडत त्याने वेढे मोजले. एकशे बारा. मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून तशीच बारीक तार काढली आणि गुंडाळायला सुरुवात केली.

वेढे मोजताना ताराचंदशी कोणी बोलायचं नाही, हा घरातला जुना नियम. पण सकाळपासून नियम पाळायची कोणाला सवय राहिली होती?

"शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव…"

"ताराचंद, कुरडया वाचल्या का काही?" पुंडलिकराव. न राहवून परत आला होता.

ताराचंदने वर पाहिलं. आकडा गेला! सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून.

दुसऱ्यांदा साठावर पोचला तेव्हा उज्वला आतून म्हणाली, "च्या ठेवू का?"

"दोन कप," ताराचंद म्हणाला. "तीन, चार, पाच…"

मग स्वतःच थबकला. पुन्हा उलगडली.

तिसऱ्यांदा तार हातात घेतली. तोवर उजेड दारातून उतरून उंबऱ्यापाशी आला होता. रोशनी उठली. पुंडलिकरावाला चहाचा कप देऊन बाहेरच्या बाकावर बसवलं, आईला खूण केली, कोपऱ्यातली बादली ओढून उपडी घातली आणि वही-पेन्सिल घेऊन तिच्यावर बसली.

"तुमी मोजू नोका. फक्त गुंडाळा. मोजतो म्हटलं का हात चुकते, अन् हात पाहिला का आकडा चुकते. मी मोजते."

"चुकजो नोको."

"नाई चुकत."

ती मोजायला लागली. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात, दर वेढ्याला एक रेघ. ताराचंदला तीस वर्षांत पहिल्यांदा वेढे मोजायचे नव्हते. मग त्याला दिसलं की आपली बोटं तार किती हळू ओढतात, पाकळीच्या कडेला किती अलगद वळतात. हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डोकं कायम आकड्यात.

चाळिसाव्या रेघेला रोशनी म्हणाली, "बाबा, तार ताणून काऊन नाई धरत तुमी? सैल राहीन ना."

"ताणली तं आतून चिरते. वरून दिसत नाई, मंग महिन्यानं जळते. तिले वाटलं पाह्यजे का आपल्या मनानंच वळून राह्यली."

"हे तं पुस्तकात नाई."

"खरं हाय पण हे," ताराचंद घाईने म्हणाला. "हे मनातून सांगून नाई राह्यलो."

रोशनी हसली. एक रेघ मारायची राहिली का, असं दोघांनाही वाटलं, पण दोघांनीही काही विचारलं नाही.

दिवेलागणीच्या आत मोटर पुन्हा जोडून झाली. चकती पुन्हा पाठीवर बसली. या वेळी रोशनीने लाल-पांढरी बदलली आणि मोजायच्या दोन ताराही बदलल्या. गाडी फरशीवर ठेवली. ताराचंद मागे भिंतीला टेकून उभा राहिला. उज्वलाने उरलेल्या कुरडयांचं सूप डोक्यावर धरलं होतं. पुंडलिकराव आधीच बाकावर उभा होता!

गाडी निघाली. पण उजव्या मोटरीचा आवाज! गिरणीत खडा गेल्यासारखा. घर्रर्र!

"बिघडली," ताराचंदचा चेहरा उतरला. "डावीसारखी नाई झाली. जोरबी कमी लागते तिचा."

"नसू द्या ना सारखी," रोशनी गुडघ्यांवर पुढे सरकत म्हणाली. "सारख्या असत्या तं चकत्या कायले लागल्या असत्या? पाहा ना!"

गाडी थोडी डावीकडे झुकली, थोडी उजवीकडे झुकली, मग दोन्ही चाकांनी एकमेकांचं ऐकल्यासारखं केलं आणि ती सरळ चालायला लागली. फुटाला एक दाणा. टप. टप. टप. दहा फुटांवर थांबली.

पुंडलिकराव बाकावरून वाकून दाणे मोजत राहिला. "दहा," तो म्हणाला. मग खाली उतरून पुन्हा मोजले. "दहाच!"

दुसऱ्या दिवशी ताराचंदने दुकान बंद ठेवलं आणि रोशनीला मोटारसायकलवर घेऊन वर्ध्याला गेला. कॉलेजच्या हॉलमध्ये पालकांना आत घेत नव्हते, पण गाडी धरायला माणूस लागतो असं सांगून तो शिरला. परीक्षक मॅडम कडक होत्या. रोशनीची गाडी दहा फूट सरळ गेली, दहा दाणे टाकले, थांबली. ताराचंदने टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये एकट्यानेच! सगळे वळून बघायला लागले, तेव्हा हात बगलेत लपवले.

मॅडमनी बरेच प्रश्न विचारले. एन्कोडर कसा लावला, तारा कशा जोडल्या, उलट मोजला तर काय होतं? शेवटच्या प्रश्नाला रोशनीने असं सविस्तर उत्तर दिलं की मॅडमनी मान वर करून विचारलं, "स्वतः करून पाहिलेलं दिसतंय?"

"घरी टेस्टिंग झाली, मॅडम," रोशनी म्हणाली.

मॅडमनी वहीत मार्क लिहिले. चांगले लिहिले असावेत, कारण रोशनीचा चेहरा फुलला. खाली एक ओळ शेराही लिहिला. ताराचंदने रोशनीच्या खांद्यावरून वाचला. 'उजव्या मोटरचा आवाज फार येतो. मोटर बदलावी.'

परत येताना तो मोटारसायकल सावकाश चालवत होता. शेतांमधून कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावले होते, रस्ता मोकळा होता. शेवटी त्याने मान न वळवता विचारलं, "मॅडमनं खाली काय लिहिलं?"

"अक्षर लागत नाई," मागून रोशनी म्हणाली.

"बरं."

थोडं अंतर गेलं.

"बाबा, डावी मोटर बी तुमीच वाइंड करून देजा."

"काऊन? ते तं चांगली हाय."

"म्हणूनच तं. आवाज एकाच बाजूनं येते, म्हणून लोकाइले खराबी वाटते. दोनीकडून आला का वाटन, मशीनच तशी हाय!"